गावात राहून वकिली: बिनफीच्या केसेस किती घ्याव्यात?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकते.

मी चिपळूण तालुक्यातली. एलएलबी झाल्यावर मुंबईत एका सीनियरकडे चार वर्षं काढली. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी भरलं म्हणून आठ दिवसांसाठी आले, ती परत गेलेच नाही. त्या आठवड्यात आळीतले लोक माझ्याकडे वकील म्हणून आले नव्हते. "हिला कागद वाचता येतात" म्हणून आले होते. आईच्या कपड्यांच्या दोरीवर मी लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि फेरफाराचे उतारे चिमटे लावून वाळत घातले होते. एका आजोबांच्या जुन्या खरेदीखताची जांभळी शाई अशी पसरली होती की चतुःसीमाच वाचता येईना. ते रद्दीच्या पानांत घालून वर पाटा ठेवला, दर दोन तासांनी पानं बदलली. पूर्वेची हद्द तेवढी वाचता आली. पुढे दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढून दिली, पण आजोबांनी मूळ कागदच उशाशी ठेवला.

आता तालुका कोर्टात स्वतःची प्रॅक्टिस आहे. हातात चाळीसेक कामं, त्यांतली अकरा बिनफीची. ऑफिसचं भाडं, टायपिंग करणाऱ्या मुलीचा पगार, घराच्या दुरुस्तीचं कर्ज. गेल्या महिन्यात मुंबईच्या सीनियरांचा फोन आला: परत ये, पगार चांगला देतो. घरचे म्हणतात, जा. मला जायचं नाहीये, पण दर महिन्याच्या २५ तारखेला पोटात गोळा येतो हेही खरं.

तर प्रश्न असा: गावात राहून, पोट भरून, गरजू माणसाचं काम किती आणि कसं करता येतं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. आणि ज्यांना कधी अशी मदत लागली होती त्यांनी तर जरूर लिहा.

जांभा

वाचतोय. विषय महत्त्वाचा आहे.

सडा_आणि_सुरंगी

ताई, रत्नागिरीत ३४ वर्षं वकिली केली, आता काम कमी केलंय. थेट मुद्द्यावर येतो. खासगीत फुकट काम घेणं बंद करा. काम बंद करू नका, वाट बदला.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. तुम्ही तिच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत कामासाठी नेमलेल्या वकिलांच्या यादीत, नसाल तर अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याचं कलम १२ किती वकिलांनी नीट वाचलंय कोण जाणे. आपल्याकडे समज असा की मोफत वकील म्हणजे पिवळ्या रेशनकार्डवाल्यालाच. तसं नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला माणूस, या कोणालाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. म्हणजे पुरानंतर तुमच्याकडे आलेली अर्धी माणसं हक्काने मोफत वकील मागू शकत होती!

पॅनेलमार्फत काम आलं की त्याची नोंद होते, थोडंफार मानधन मिळतं, आणि पक्षकाराला तुमच्या उपकाराखाली वावरावं लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम आलं तेच यासाठी. ती भीक नव्हे, राज्याचं कर्तव्य आहे.

चौथी_खोली

काकांचा मान राखून असहमत.

माझ्या आईला असाच वकील मिळाला होता. कोणत्या कोर्टात ते सांगत नाही. तीन तारखांना साहेब आले, तिन्ही वेळा आईलाच विचारलं, "तुमची केस काय हो?" चौथ्या तारखेला आलेच नाहीत. आई सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत, मध्ये कोर्टाच्या पायरीवर बसून डब्यातली भाकरी. समितीकडे पाठवलं म्हणजे काम झालं असं धरू नका. कागदावर वकील मिळणं वेगळं आणि पाठीशी वकील असणं वेगळं.

सडा_आणि_सुरंगी

चौथी खोली, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं नाकारत नाही, असे वकील मी पाहिलेत. पण हे कुणी आईंना सांगितलं नसणार, की समितीकडे साधा अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. तो हक्क आहे. खाडीकाठसारखी माणसं पॅनेलवर हवीत ती याचसाठी. चांगल्यांनी बाहेर राहून खासगीत पुण्य करायचं आणि पॅनेल ओस टाकायचं, त्याने गरीब माणसाच्या वाट्याला काय येणार?

नारळीपौर्णिमा

१५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. धागा वाचणाऱ्यांनी फोनमध्ये साठवून ठेवा. आमच्या बचतगटात मी भिंतीवर लिहून ठेवलाय.

बंदरवारा

मदत लागलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. पहिल्यांदाच एवढं लिहितोय.

आम्ही हर्णैकडचे. माझा मेहुणा खलाशी होता. रात्री जाळं ओढताना पाण्यात गेला, सापडला नाही. दोन दिवस बोटी फिरल्या. माझी बहीण तेव्हा २९ वर्षांची, दोन मुलं. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून बँकेतले पैसे निघेनात, घर तिच्या नावावर होईना, विधवा म्हणून निराधार योजनेचा अर्ज घेईनात. कपाळाला कुंकू लावायचं की नाही हे वाडीतल्या बायका ठरवायच्या, आणि सरकारदरबारी ती लग्नाची बाई. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं कोर्ट धरतं, हे आम्हाला कुठे ठाऊक?

एक वकील होते, आता हयात नाहीत. त्यांनी पहिल्याच महिन्यात बहिणीला बोलावलं. आम्ही म्हटलं, साहेब, सात वर्षांनी यायचं ना? ते म्हणाले, "सात वर्षांनी बोटीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, कुठे असेल कोण जाणे. आजच त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवू." पोलिसांतली बेपत्ता नोंद, बोटीच्या परवान्याची प्रत, त्या रात्री बोटीवर कोण कोण होतं त्यांची नावं आणि सह्या, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बहिणीच्या हाती दिलं. म्हणाले, तांदळाच्या डब्यात ठेव, तिथे पाणी जात नाही. सात वर्षांत तांडेल खरंच वारला. पिशवी होती म्हणून पुढे दावा चालला आणि थोड्या तारखांत हुकूम झाला.

फी विचारली तर म्हणाले, झेरॉक्सचे दे. बहिणीने त्यांच्या घरी दर गणपतीला मोदक नेले, ते गेले त्या वर्षापर्यंत.

ताई, तुम्ही जाऊ नका.

जांभा

बंदरवारा, थांबून थांबून वाचलं. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

सडा_आणि_सुरंगी

सात वर्षांचा तो नियम म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता साक्ष्य अधिनियमात १११. कलम सगळ्या वकिलांना पाठ असतं. पण पहिल्या महिन्यात तांडेलाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवायचं सुचणं, ती खरी वकिली. त्या सद्गृहस्थांना नमस्कार.

तिठ्यावरचो

आमच्या वाडीत कोर्टाचो कागद इलो काय आजी तीन दिस जेवची नाय. आजो म्हणायचो, शाण्यान कोर्टाची पायरी चढू नये. पण ज्याका चढूकच लागता, त्याचो हात धरूक कोण तरी व्हयो मा? ताई, तू जाव नको मुंबयक.

रातांबा

थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. मी हिशेबाचं काम करते, बऱ्याच वकिलांची विवरणपत्रं भरते. फुकट दिलं की किंमत राहत नाही हा माझा अनुभव आहे. बिनफीचा पक्षकार तारखेला येत नाही, कागद आणत नाही. निदान ५०० रुपये तरी घ्याच.

चौथी_खोली

रातांबा, तारखेला का येत नाही हे विचारलंत का कधी? आमच्या गावची पहिली गाडी तालुक्याला पावणेअकराला पोचते. तोवर पुकारा होऊन गेलेला असतो. तारखेचा दिवस म्हणजे बाईची एका दिवसाची मजुरी गेली. तिच्यासाठी ती फीच आहे.

रातांबा

हं. हे लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे घेते. हिशेबाचा मुद्दा मात्र कायम ठेवते: खाडीकाठ, आधी महिन्याचा ठाम खर्च कागदावर मांडा, तो भरून निघेल इतकी फीची कामं मोजून घ्या, मग उरलेल्या वेळात किती बिनफीची बसतात ते पाहा. अकरा हा आकडा तुम्ही ठरवलेला नाही, तो तुमच्यावर येऊन पडलेला दिसतोय.

खाडीकाठ

रातांबा, अगदी खरं बोललात. एकही ठरवून घेतलेली नाही. दारात माणूस उभा राहिला की नाही म्हणवत नाही.

आणि फी येतच नाही असंही नाही हं. कुळीथ येतात, आमसुलं येतात, मे महिन्यात तर आंब्याच्या पेट्या. एकदा एका मावशींनी सुके बोंबील आणले, आणि नेमका त्याच दिवशी समोरच्या पक्षाचा शाकाहारी वकील तडजोडीची बोलणी करायला ऑफिसात. पाच मिनिटांत तडजोड झाली!

तिठ्यावरचो

बोंबील पावले!

गावनकाशा

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोर्टाबाहेरची बाजू सांगतो.

आपल्याकडच्या दहा भांडणांतली सात कोर्टात जायच्या आधीच मिटू शकतात, कारण मुळात ती कागदाच्या दुर्लक्षातून उभी राहतात. बाप वारतो, वारस नोंद लागत नाही. लागली तर मुलींची नावं गाळून लागते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि नोटीस मुंबईच्या चाळीतल्या जुन्या पत्त्यावर जाते. मी एक सातबारा पाहिलाय, २२ गुंठ्यांना ४३ नावं, त्यांतली निम्मी माणसं हयात नाहीत. अशा ठिकाणी आंबा कुणी उतरवायचा यावरून कोयते निघतात.

गरीब माणसाला वकील हवा असतो तो वारस नोंदीच्या अर्जाला, हरकत लिहायला, प्रांताकडे अपील करायला. तिथे त्याच्याबरोबर कोणी नसतं. आणि सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे, ती मुळात महसुलाची नोंद आहे, हे समजावून सांगणारं तर कोणीच नसतं. खाडीकाठ, तुमचा एक तास तलाठी सजेत खर्च झाला तर कोर्टातली पाच वर्षं वाचतील.

सावित्रीकाठ

अवांतर आहे पण लिहितोच. कोकणी माणूस भांडखोर, कोर्टाचा शौकीन, असं आपल्याबद्दल बोललं जातं, त्याचा मला संताप येतो. खोतीखाली, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या अमलाखाली, पिढ्या गेल्या, त्यांना कागदाचं महत्त्व आयुष्य पणाला लावून कळलं. अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांनी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, उपासमार काढली, नारायण नागू पाटील पुढे होते. तेव्हा कुठे १९३९ च्या कायद्यात संरक्षित कूळ हा शब्द आला. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं ते १९३७ साली. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच टापूत, मंडणगड तालुक्यात.

आणि महाडचं चवदार तळं? सत्याग्रह मार्च १९२७ चा, त्याच वर्षी विरोधकांनी दावा लावला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. तळं सार्वजनिक आहे एवढं ठरायला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, तरी दहा वर्षं. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचं काय होत असेल?

परळचा_चाकरमानी

मी मुंबईत वकिली करतो, गाव वैभववाडीकडचं. सहज हाताशी असलेली गोष्ट सांगतो: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. आता अपिलासाठी मुंबई गाठायला नको. खाडीकाठ, गावात राहून वरच्या कोर्टाचं काम करायची ही संधी आहे.

सावित्रीकाठ

वैभववाडीहून घाट चढलात की कोल्हापूर, म्हणून तुम्हाला सोपं. मंडणगड-दापोलीच्या माणसाने काय करायचं? खेडला गाडीत बसलो की मुंबई. कोल्हापूरला जायला थेट रेल्वे नाही, पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही.

परळचा_चाकरमानी

मान्य. पण मुंबईत मुक्काम कुणाकडे करायचा हा प्रश्न दरवेळी होताच ना? बरं, ते राहू दे. माझ्याकडून एवढं नक्की: ज्यांची प्रकरणं मुंबईत अडकली आहेत त्यांची तारीख बघणं, नक्कल काढणं, मराठी कागदांचं भाषांतर करणं, हे मी महिन्यातून दोन शनिवार करीन. फी नको. माझ्या खरडवहीत, म्हणजे इथल्या निरोपांच्या पानावर, लिहा.

पहिली_तारीख

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे फुकट कामाबद्दल बोलताहेत, ज्युनियरला मात्र सीनियरकडेच फुकट राबावं लागतं त्याचं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २०,०००, ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलं. माझ्या ओळखीत एकालाही मिळत नाहीत. शेतकऱ्याच्या मुलीने या पेशात टिकायचं कसं?

सडा_आणि_सुरंगी

बाळ, तुझा राग रास्त आहे. ते परिपत्रक सक्तीचं नाही, सूचना आहे, आणि आम्हा सीनियर मंडळींनी ती मनावर घेतलेली नाही. एक चांगलं झालं, सनदेची, म्हणजे वकील म्हणून नोंदणीची, फी. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की कायद्यातले ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५, त्यावर घेता येणार नाहीत. त्याआधी काही राज्यांत हजारो रुपये घेत असत. रत्नागिरीत यायचं असेल तर मला निरोप पाठव. १५,००० देणारं ऑफिस मी शोधून देईन, माझी जबाबदारी.

खाडीकाठ

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बंदरवारा, तुमचा तर प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, नाव नसलेला.

मुंबईला नाही म्हणून कळवलं.

काय ठरवलं ते सांगते. पॅनेलसाठी अर्ज दिला. अकरा प्रकरणांतल्या नऊ जणी स्त्रिया आहेत, त्यांची प्रकरणं रीतसर समितीमार्फत माझ्याकडे यावीत असाही अर्ज दिलाय. कोर्ट फी मालमत्तेच्या आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना १९९४ पासून माफ आहेच. रातांबांनी सांगितल्याप्रमाणे खर्च मांडला. आणि बाजाराच्या दिवशी, मंगळवारी दुपारी, कोर्टात न जाता वाड्यांवर जाऊन बसायचं ठरवलं. बोर्ड लावणार होते, पण सडा काकांनी खासगीत वेळीच अडवलं, वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून समितीचं शिबिर म्हणून घेतोय, माझं नाव कुठेही नाही.

पहिला मंगळवार सांगते. तपशील बदललेत, त्या बाईंना विचारून लिहितेय.

देवळाच्या सभामंडपात बसले होते. बराच वेळ कोणी आलं नाही. मग एक पन्नाशीच्या बाई आल्या, पिशवीत हक्कसोडपत्राचा तयार मसुदा. भावांनी दिलेला, दुसऱ्या दिवशी सही करायची होती. त्यांनी उजवा अंगठा पदराने पुसत पुसत विचारलं, "सही केली नाही तर माहेर तुटेल का हो?"

मी कायदा सांगायला लागले. २००५ ची दुरुस्ती, मुलगी जन्माने सहहिस्सेदार, ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, वडील आधी वारले असले तरी हक्क राहतो. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच. मी गप्प झाले. मग विचारलं, माहेरी गेल्यावर तुम्ही कुठे झोपता? म्हणाल्या, मागच्या पडवीत, आई झोपायची तिथे. आणि परसातली दोन कलमं मी लहानपणी पाणी घालून जगवली आहेत.

मसुदा ठेवून घेतला. भावांना निरोप धाडला, नोटीस नाही, निरोप. दोघेही आले, वाईट माणसं नाहीत, कुणीतरी मसुदा करून दिला आणि त्यांनी आणला. तीन बैठका झाल्या. पडवीत राहायचा हक्क आणि दोन कलमांखालचे चार गुंठे बहिणीच्या नावे, बाकीचा हिस्सा ती राजीखुशीने सोडतेय. येत्या लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवतोय, म्हणजे दावा न लावताच हुकूमनाम्याइतकाच पक्का कागद होईल, आणि त्यावर अपील नाही.

गावनकाशा काका, तुमचा एक तास म्हणजे माझे तीन मंगळवार झाले. पण कोयते निघाले नाहीत.

गावनकाशा

चार गुंठ्यांचा पोटहिस्सा मोजून घ्या आणि फेरफार लगेच धरायला लावा. कागद झाला आणि नोंद राहिली असं व्हायला नको.

चौथी_खोली

तिला तिच्या वाट्याचं सगळं मिळायला हवं होतं असं मला वाटतं. पण ती पडवीत झोपणार आहे, मी नाही. आणि तिला विचारलं गेलं, हे मला पुरेसं आहे.

नारळीपौर्णिमा

खाडीकाठ, पुढचा मंगळवार कुठे? माझ्या मावशीला पाठवायचं आहे. तिच्याकडे कागद काहीच नाहीत, म्हणून ती यायला लाजते.

खाडीकाठ

ठिकाण इथे लिहीत नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समितीच्या खोलीत विचारा, ते सांगतील. दुपारी दोन ते पाच. वडिलांचं नाव आणि गावाचं नाव माहीत असेल तर सातबारा आणि आठ-अ मी तिथल्या तिथे ऑनलाइन बघते. मावशींना म्हणावं रिकाम्या हाताने या. शेवटची एसटी साडेपाचची आहे, त्याआधी मोकळं करीन.